लंडनचा पहिला दिवस चिखलदऱ्यात

लंडनच्या सहलीचा पहिला दिवस चिखलदऱ्यात घालवावा, असं अमरावती-अकोल्याकडच्या प्रत्येक इच्छुकाला माझं सांगणं असतं. परतवाड्याहून घाट चढून वर जायचं, गर्दी भीमकुंडाकडे आणि देवी पॉइंटकडे वळते तेव्हा आपण गाविलगडाची वाट धरायची. किल्ल्याच्या उत्तरेकडचा तट नीट बघायचा, मग दक्षिणेकडच्या तुटलेल्या कड्यावर उभं राहून खालचं मैदान बघायचं. पुढे लंडनमध्ये हाइड पार्कच्या कोपऱ्यावर एका दगडी घरापुढे उभं राहाल, तेव्हा हा तट पाहिलेला असणं फार उपयोगी पडेल.

ते घर आर्थर वेलस्लीचं. जगाला तो वॉटर्लूचा विजेता, ड्यूक ऑफ वेलिंग्टन म्हणून माहीत आहे. वॉटर्लूची लढाई १८१५ची. त्याच्या बारा वर्षं आधी, चौतिशीतला हा सेनानी वऱ्हाडात होता. २३ सप्टेंबर १८०३ रोजी जालन्याजवळच्या असईला त्याने शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला आणि मग भोसल्यांच्या मागावर तो पूर्वेकडे सरकला. २९ नोव्हेंबरला आजच्या अकोला जिल्ह्यात, तेल्हारा तालुक्यातल्या अडगावला लढाई झाली. भोसल्यांच्या तोफा सुरू होताच कंपनीच्या काही पलटणी मागे पळाल्या होत्या, वेलस्लीने स्वतः पुढे होऊन त्यांना पुन्हा उभं केलं. दुपार कलल्यावर सुरू झालेल्या या लढाईत पाठलाग चांदण्यात चालला. तिथून फौजा निघाल्या त्या गाविलगडाकडे.

किल्ला दक्षिणेकडून घेणं जवळजवळ अशक्य होतं. म्हणून कर्नल स्टीव्हन्सनने अचलपूरकडून डोंगराला वळसा घालून तोफा उत्तरेच्या बाजूला नेल्या. ७ ते १२ डिसेंबर असे दिवस या कामी गेले. रस्ता नव्हताच, तो करत करत तोफा ओढायच्या होत्या. आज गाडीतून मेळघाटचा घाट चढताना ही गोष्ट मनात असू द्या. १५ डिसेंबरला बाहेरच्या तटाला खिंडार पडलं, पण आतला कोट शाबूत होता. तेव्हा ९४व्या पलटणीची, म्हणजे ‘स्कॉच ब्रिगेड’ची, एक तुकडी कॅप्टन कॅम्बेलच्या मागे घळीतून शिडी लावून वर चढली आणि तिने आतून दरवाजा उघडला. किल्लेदार बेनीसिंग लढताना पडला. दोन दिवसांनी, १७ डिसेंबरला देवगावचा तह झाला आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख भोसल्यांच्या हातून सुटून निजामाकडे गेला. पुढची दीडशे वर्षं वऱ्हाडाचा कारभार कोणी बघायचा, याची गुंतागुंत इथून सुरू होते. त्या गुंतागुंतीच्या बऱ्याच गाठी लंडनमध्ये बसल्या.

सहल याच धाग्यावर ओवावी, हे या प्रकरणाचं म्हणणं आहे. प्रवासी कंपन्यांच्या कार्यक्रमात लंडनला एक-दोन दिवस मिळतात. बसमधून राजवाडा, पूल आणि घड्याळाचा मनोरा, नदीकाठचं मोठं चाक, मेणाचे पुतळे, संध्याकाळी पंजाबी जेवण. ज्यांना चालवत नाही किंवा भाषेची धास्ती वाटते, त्यांच्यासाठी ही सोय चांगली आहे. पण लाखांनी पैसे खर्चून, एवढी कागदपत्रं जमवून माणूस जातो, त्याला निदान पाच-सहा पूर्ण दिवस त्या शहरात मिळायला हवेत. आणि त्या दिवसांना एखादा प्रश्न हवा. दोन हजार वर्षांचं शहर ‘सगळं’ बघणं कोणालाच जमत नाही, तिथे जन्मलेल्यांनाही नाही. आमच्या वऱ्हाडाबद्दल इथे काय काय ठरलं, हा प्रश्न घेऊन निघालात की शहराचा नकाशा आपोआप लहान होतो आणि डोळ्यांना काम मिळतं.

आता आधी कागद, कारण बेत अडतो तो इथेच.

ब्रिटन शेंगेन गटात नाही. फ्रान्स-जर्मनीच्या व्हिसावर लंडनला उतरता येत नाही आणि लंडनच्या व्हिसावर पॅरिसलाही जाता येत नाही. दोन्ही करायचं तर दोन व्हिसे. ब्रिटनचा पर्यटक व्हिसा साधारण सहा महिन्यांच्या मुदतीचा असतो, प्रवासाच्या तीन महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि एरवी तीन आठवड्यांत निर्णय कळतो. अर्ज ऑनलाइन भरला तरी बोटांचे ठसे आणि फोटो द्यायला व्हिसा केंद्रावर प्रत्यक्ष जावं लागतं. मुंबईचं केंद्र घेतलं तर अमरावती-मुंबई एक्स्प्रेस सोयीची आहे. ती संध्याकाळी सुटते, अकोल्यावरून जाते आणि सकाळी मुंबईत सोडते. एप्रिल २०२५पासून बेलोऱ्याच्या विमानतळावरून मुंबईला विमानही सुरू झालं आहे, मात्र ते रोज असेल असं धरून वेळ घेऊ नये, आधी वेळापत्रक बघावं.

नोकरदारांचं सोपं असतं. पगाराची चिठ्ठी, रजेचं पत्र, आयकराचं विवरणपत्र, सहा महिन्यांचं बँकेचं खातेपत्रक दिलं की झालं. अडचण येते ती शेतकरी कुटुंबांची. शेतीचं उत्पन्न करमुक्त, त्यामुळे विवरणपत्रात आकडा लहान दिसतो किंवा विवरणपत्रच नसतं. पऱ्हाटी, सोयाबीन, तूर, संत्र्याचा बगीचा यांतून येणारा पैसा वर्षातून दोन-तीनदा एकदम खात्यात येतो आणि परक्या अधिकाऱ्याला ती अचानक भरलेली रक्कम वाटू शकते. म्हणून पैशाची वाट कागदावर दाखवायची. सातबारा आणि आठ-अ, बाजार समितीतल्या अडत्याची हिशोबपट्टी, जिनिंगवाल्याची किंवा संत्रा व्यापाऱ्याची पावती, आणि त्याच रकमा खात्यात कुठल्या तारखेला आल्या त्यावर खूण. मराठी कागदांचं प्रमाणित इंग्रजी भाषांतर जोडावंच लागतं. सोबत एक साधं, खरं पत्र लिहावं. आमची इतकी जमीन आहे, अशी पिकं येतात, अमुक दिवसांसाठी जातोय आणि पेरणीच्या आत परत यायचं आहे. परत येण्याचं कारण पटणं हा या व्हिसाचा गाभा आहे, आणि मृगाची पेरणी हे फार खरं कारण आहे. नातेवाइकाकडून महिनाभरासाठी पैसे आणून खात्यात ठेवायची जी पद्धत पडली आहे, ती टाळा. तिने नकार मिळण्याचीच शक्यता वाढते.

पेरणीवरून ऋतूचाही हिशोब लागतो. दिवाळी ते संक्रांत कापसाची वेचणी, त्याच सुमाराला आंबिया बहाराची संत्री, मृग बहाराची फळं फेब्रुवारी-मार्चपर्यंत. एप्रिल अखेर ते मे हा काळ मोकळा, आणि नेमका तोच लंडनसाठी उत्तम. अकोल्यात पारा पंचेचाळिशीला टेकलेला असतो तेव्हा तिथे दिवसा १५ ते १८ अंश असतात. मे अखेरीस उजेड रात्री नऊपर्यंत राहतो, म्हणजे एका दिवसात दीड दिवसाचं फिरणं होतं. डिसेंबरात हेच शहर दुपारी चारला अंधारतं. स्वस्त तिकिटाच्या मोहाने हिवाळा निवडणाऱ्यांनी हा उजेडाचा तोटा तिकिटाच्या किमतीत धरावा. मे महिन्यातही पातळ स्वेटर आणि पावसाळी जाकीट हाताशी हवंच. आपल्यासारखा कोसळणारा पाऊस तिथे क्वचित, पण भुरभूर कधीही.

मुक्काम कुठे, याचं उत्तर आपल्या धाग्यानेच दिलं आहे. हीथ्रो विमानतळावरून निघणारी पिकॅडिली ही भुयारी रेल्वेची गडद निळी मार्गिका बघा. हाउन्स्लो, ॲक्टन टाउन, अर्ल्स कोर्ट, साउथ केन्सिंग्टन, हाइड पार्क कॉर्नर, होबर्न, रसेल स्क्वेअर, किंग्ज क्रॉस. आपल्याला ज्या वास्तू बघायच्या आहेत त्यांपैकी बहुतेक या एकाच ओळीवर किंवा तिच्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. तेव्हा हॉटेल किंवा घर याच मार्गिकेवर घ्यावं. विमानतळावरून एकाच गाडीने पोचता, सामान घेऊन गाडी बदलावी लागत नाही. वेगळं तिकीट काढायची गरज नसते, स्पर्शाने चालणारं बँकेचं कार्ड फाटकाला लावायचं. दिवसाला कमाल भाडं ठरलेलं असतं, त्यापुढे पैसे कापले जात नाहीत. मात्र प्रत्येक माणसाला वेगळं कार्ड लागतं, एका कार्डावर दोघं जाऊ शकत नाहीत. वयस्कर मंडळी सोबत असतील तर हे ध्यानात घ्या की जुन्या स्थानकांत जिने फार आहेत. हाइड पार्क कॉर्नर आणि साउथ केन्सिंग्टनला पिकॅडिलीच्या फलाटापर्यंत लिफ्ट नाही. गुडघे दुखत असतील तर लाल बस बरी. तिला चढायला पायरी नसते आणि वरच्या मजल्यावरून शहर दिसतं, तरुणांनी तिथे बसावं.

हाइड पार्क कॉर्नरला उतरलात की समोर ॲप्सली हाउस. एके काळी शहरात शिरताना लागणारं पहिलं मोठं घर, म्हणून त्याला ‘नंबर वन, लंडन’ म्हणत. १८१७मध्ये वेलिंग्टनने ते घेतलं, १९४७मध्ये ते राष्ट्राला दिलं गेलं, आणि आजही त्याच्या वंशजांकडे घराचा काही भाग आहे. जिन्याखाली नेपोलियनचा संगमरवरी अतिभव्य पुतळा, वर वॉटर्लू गॅलरीत स्पेनहून आलेली चित्रं. लोक त्यासाठी येतात. वऱ्हाडच्या माणसाने चांदीच्या भांड्यांच्या कपाटांपाशी जास्त वेळ थांबावं. तिथे ‘डेक्कन सर्व्हिस’ नावाचा सोन्याचा मुलामा दिलेला भोजनसंच आहे. १८०३च्या दख्खनच्या मोहिमेत वेलस्लीच्या हाताखाली लढलेल्या अधिकाऱ्यांनी तो त्याला भेट दिला. असई, अडगाव आणि गाविलगड यांची ही आठवण युरोपातल्या बड्या पाहुण्यांपुढे मांडली जात होती. तेल्हाऱ्याकडच्या शेतात आज त्या लढाईची ओळख पटवणारं फार थोडं उरलं आहे. तिची चकाकणारी खूण सात हजारांहून जास्त किलोमीटरवर एका काचेच्या कपाटात आहे, हे प्रत्यक्ष बघताना मन हलतं. या घराला तिकीट आहे आणि ते रोज उघडं नसतं, वार बघूनच जा. इंग्रजी वाचणाऱ्या मुलांना निघण्याआधी बर्नार्ड कॉर्नवेल यांची ‘शार्प्स फॉर्ट्रेस’ ही कादंबरी द्या. ती गाविलगडाच्या वेढ्यावरच बेतली आहे, आणि मुलांना चिखलदरा नव्याने दिसतो. वेलिंग्टनची कबर सेंट पॉलच्या तळघरात आहे. त्या चर्चचं तिकीट महाग आहे, पण घुमटासाठी ते काढण्यासारखं आहेच.

दुसरी गाठ व्हाइटहॉलमध्ये. निजामाकडे आलेलं वऱ्हाड त्याच्याकडे टिकलं नाही. कंपनीने त्याच्या नावे पोसलेल्या ‘हैदराबाद कंटिंजंट’ या फौजेचा खर्च थकत गेला आणि २१ मे १८५३च्या तहाने वऱ्हाडाचा महसूल इंग्रजांकडे गेला. त्यानंतर काही दिवसांतच चोवीस वर्षांचा सालारजंग हैदराबादचा दिवाण झाला. वऱ्हाड परत मिळवणं हे त्याच्या आयुष्याचं काम होऊन बसलं. त्याने हैदराबादचा कारभार रुळावर आणला, १८५७च्या धामधुमीत इंग्रजांना साथ दिली, आणि मग आता आमचा मुलूख द्या, असं म्हणायला १८७६मध्ये तो स्वतः लंडनला गेला. ऑक्सफर्डने पदवी दिली, लंडन नगरीने मानपत्र दिलं, मेजवान्या झाल्या. वऱ्हाड मात्र मिळालं नाही. १८८३मध्ये तो वारला. पुढे कर्झनच्या काळात, १९०२मध्ये वऱ्हाड वर्षाला २५ लाख रुपयांच्या कायमच्या पट्ट्याने इंग्रजांना मिळालं आणि १९०३मध्ये मध्य प्रांताला जोडलं गेलं. ‘मध्य प्रांत आणि वऱ्हाड’ हे नाव आजोबांच्या जुन्या दाखल्यांवर, खरेदीखतांवर अजून सापडतं.

ज्या इंडिया ऑफिसात भारताचे असे निकाल होत, ती इमारत आज ब्रिटिश परराष्ट्र खात्याचा भाग आहे. किंग चार्ल्स स्ट्रीटवरून ती बाहेरून दिसते. आतला ‘दरबार कोर्ट’ हा तीन मजली चौक एरवी बंद असतो, पण सप्टेंबरात लंडनमधल्या अनेक वास्तू लोकांसाठी खुल्या होतात, त्या दिवसांत तिथेही जाता येतं. मे महिन्यात गेलात तर बाहेरूनच समाधान मानावं लागेल.

त्या कचेरीचे कागद मात्र उघडे आहेत, आणि सहलीतला एक अख्खा दिवस त्यांना द्यावा असं माझं आग्रहाचं मत आहे. किंग्ज क्रॉसजवळच्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसचं दप्तर ठेवलं आहे. वाचकाचा परवाना फुकट मिळतो. ओळखपत्र आणि राहत्या पत्त्याचा पुरावा जवळ ठेवायचा, आधी ऑनलाइन नोंद करायची, हवे ते कागद वेळेआधी मागवून ठेवायचे. ऑक्टोबर २०२३मध्ये या ग्रंथालयाच्या संगणक यंत्रणेवर मोठा सायबर हल्ला झाला होता, त्यामुळे जाण्यापूर्वी कुठली सेवा कशी चालू आहे ते विचारून घ्यावं. काय मागायचं, हे घरून ठरवून निघा. आपल्या गावाचे जुने नकाशे, जमाबंदीचे अहवाल, १८६०च्या दशकातल्या कापसाच्या व्यापाराचा पत्रव्यवहार. अजिंठ्याची चित्रं नकलून काढणाऱ्या रॉबर्ट गिलने लोणारच्या देवळांचे फोटो घेतले होते, तेही या संग्रहात आहेत. तयारी म्हणून आल्फ्रेड लायलचं १८७०चं वऱ्हाडचं गॅझेटियर वाचावं. ते इंटरनेटवर फुकट मिळतं, आणि त्यात आपापल्या तालुक्याचं पान शोधण्यात घरातल्या मोठ्यांनाही गोडी लागते. संशोधक असण्याची गरज नाही. दीडशे वर्षांपूर्वीच्या नकाशावर आपल्या गावाचं नाव, नदीचं वळण आणि शेजारचं आता उजाड झालेलं गाव बघायला साधी उत्सुकता पुरते.

दुपारी तिथून निघून ड्रमंड स्ट्रीटला जेवा. युस्टन स्थानकामागच्या या गल्लीत भेळपुरीपासून डोशापर्यंत शाकाहारी जेवण मिळतं, आणि ते ग्रंथालयापासून चालत जाण्याच्या टप्प्यात आहे. खाण्याचं इथेच सांगून टाकतो. दूध आणि मांसाचे पदार्थ भारतातून ब्रिटनमध्ये नेता येत नाहीत. पेढे, खव्याची मिठाई, तूप घरीच ठेवा. जवसाची चटणी, सुकं पीठ, चिवडा न्यायला हरकत नाही.

तिसरी गाठ सर्वांत जिव्हाळ्याची, कारण ती सोडवायला गेलेला माणूस अमरावतीचा होता. गणेश श्रीकृष्ण उर्फ दादासाहेब खापर्डे. नामांकित वकील, १८९७च्या अमरावती काँग्रेसचे स्वागताध्यक्ष, ऐश्वर्यामुळे ‘वऱ्हाडचे नबाब’ म्हणून ओळखले जाणारे, टिळकांचे जिवलग. २२ जुलै १९०८ रोजी टिळकांना सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा झाली. महिन्याच्या आत, १५ ऑगस्टला, खापर्डे बोटीत बसले. वय चोपन्नच्या आसपास, जोरात चाललेली वकिली, घरी मोठा खटला. बेत आखायला त्यांच्याकडे तीन आठवडे होते. प्रिव्ही कौन्सिलपुढे अपील दाखल करायचं, कायदेपंडित गाठायचे, खासदारांना भेटायचं, वर्तमानपत्रांतून बाजू मांडायची. काम काही महिन्यांचं वाटलं असेल, ते दोन वर्षांवर गेलं. प्रिव्ही कौन्सिलने अपिलाची परवानगी नाकारली, तरीही ते १९१०पर्यंत तिथे खटपट करत राहिले. परतताना ते थेट घरी आले नाहीत. रंगूनला उतरून मंडालेच्या तुरुंगात टिळकांना भेटले आणि मग अमरावती गाठली. राजकमल चौकाच्या परिसरात फिरताना खापर्ड्यांचा वाडा ज्यांनी पाहिला असेल, त्यांना या माणसाने काय मागे ठेवलं होतं ते वेगळं सांगायला नको. ते रोजनिशी लिहीत, आणि त्या रोजनिशा आज दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत.

प्रिव्ही कौन्सिलची न्यायसमिती तेव्हा डाउनिंग स्ट्रीटवर बसे. त्या गल्लीच्या तोंडाशी आता लोखंडी फाटक आहे, आत जाता येत नाही. पण २००९पासून ही समिती पार्लमेंट चौकातल्या मिडलसेक्स गिल्डहॉल या इमारतीत, ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाबरोबर बसते. कामकाजाच्या दिवशी कोणालाही फुकट आत जाऊन मागच्या बाकावर बसता येतं. भारताची अपिलं तिथे जाणं १९४९मध्ये बंद झालं, जमैका आणि मॉरिशसची अजून जातात. अर्धा तास बसून ऐका. आपल्याकडच्या कोर्टात तारखांसाठी उन्हातान्हात बसलेला माणूस या शांत दालनात बसला की खापर्डे किती लांबून आणि किती परक्या ठिकाणी न्याय मागायला आले होते, ते नीट कळतं. वेस्टमिन्स्टर ॲबी आणि पार्लमेंट शेजारीच आहेत, तेव्हा हा सगळा एकाच दिवसाचा फेरा होतो.

खापर्डे लंडनमध्ये होते त्याच काळात हायगेटला ६५, क्रॉमवेल ॲव्हेन्यूच्या ‘इंडिया हाउस’मध्ये सावरकर राहत होते. त्या घरावर आता निळी पाटी आहे. तशीच पाटी वॉरिक ॲव्हेन्यू स्थानकाजवळच्या १०, हाउली प्लेस या घरावर आहे. चिरोल खटल्यासाठी आलेले टिळक १९१८-१९मध्ये तिथे राहिले होते. ही दोन्ही खाजगी घरं आहेत, रस्त्यावरून बघावीत, दार वाजवू नये. १०, किंग हेन्रीज रोडचं मात्र वेगळं. विद्यार्थी असताना, १९२१-२२च्या सुमारास, डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे राहत. २०१५मध्ये महाराष्ट्र शासनाने ते घर विकत घेतलं, आता तिथे स्मारक आहे आणि आत जाता येतं. लंडनहून परतल्यावर काही वर्षांतच, नोव्हेंबर १९२७मध्ये, बाबासाहेब अंबादेवी मंदिर प्रवेशाच्या प्रश्नावरील परिषदेसाठी अमरावतीला आले होते. वऱ्हाडातून जाणाऱ्या कित्येकांसाठी या घराची पायरी हीच लंडन यात्रेची मुख्य जागा असते, आणि त्यांनी ती यादीत शेवटी नको, पहिल्या दिवशीच ठेवावी. चॉक फार्म स्थानकावरून चालत जाता येतं.

ब्रिटिश म्युझियममध्ये आपल्याला ‘अमरावती’ अशी मोठी अक्षरं दिसतील. ती अमरावती आपली नाही, आंध्रातली, कृष्णाकाठची. तिथल्या महास्तूपाच्या चुनखडीतल्या शिल्पपट्ट्या १८५९मध्ये लंडनला नेल्या गेल्या. नावाचा घोटाळा कळल्यावर पुढे निघून जाऊ नका. बुद्धाच्या जीवनातले प्रसंग इतक्या बारकाईने कोरलेले क्वचित बघायला मिळतात, आणि प्रवेश फुकट आहे. शुक्रवारी संध्याकाळी संग्रहालय उशिरापर्यंत उघडं असतं आणि गर्दी ओसरलेली असते. साउथ केन्सिंग्टनचं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमही फुकट. गिलने काढलेल्या अजिंठ्याच्या बहुतेक नकला १८६६मध्ये सिडनॅमच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. त्यातून वाचलेल्या थोड्या याच संग्रहालयाकडे आहेत, पण त्या नेहमी मांडलेल्या नसतात.

कापसाचं काय, असं अकोल्याचा वाचक विचारेलच. अमेरिकेतल्या यादवीमुळे १८६१ ते १८६५ तिकडचा कापूस अडला, वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचे दिवस आले, १८६७मध्ये रेल्वे नागपूरला पोचली आणि खामगाव-अकोल्याच्या बाजारपेठा फुगल्या. पण तो धागा लंडनमध्ये फारसा सापडत नाही. त्यासाठी युस्टनहून दोन तासांच्या अंतरावर मँचेस्टरला जावं. तिथल्या विज्ञान आणि उद्योग संग्रहालयात जुने माग चालवून दाखवतात, आणि जवळच स्टायल गावी क्वारी बँक ही अठराव्या शतकातली गिरणी जपलेली आहे. जिनिंगमध्ये काम केलेल्या माणसाला सरकीपासून सुटल्यावर रुईचं पुढे काय होई, ते तिथे दिसतं.

लंडनमध्ये माणसं हवीशी वाटली तर डॉलिस हिल लेनवर महाराष्ट्र मंडळाची वास्तू आहे. मंडळ १९३२ पासूनचं. कार्यक्रमाचा दिवस आधी पाहून गेलात तर मराठी नाटक, भजन किंवा गणपतीची तयारी, काहीतरी चालू असतं, आणि वऱ्हाडातलं कोणी ना कोणी भेटतंच.

दोन दिवस जास्तीचे असतील तर किंग्ज क्रॉसहूनच एडिंबरोची गाडी पकडा. साडेचार तासांत स्कॉटलंडच्या राजधानीत पोचता. ज्या स्कॉच ब्रिगेडच्या शिपायांनी गाविलगडाचा आतला दरवाजा उघडला, त्यांचा हा देश. आणि अमरावती जिल्ह्यातल्या पापळ गावचा शेतकऱ्याचा मुलगा पंजाबराव देशमुख १९२०मध्ये विलायतेला गेला, तोही इथेच शिकायला. वडिलांनी त्यासाठी शेती गहाण टाकली. एडिंबरोत एम. ए., ऑक्सफर्डला वैदिक वाङ्मयातल्या धर्माच्या उगमावर प्रबंध, सोबत बॅरिस्टरी. परतल्यावर त्यांनी अमरावतीत श्री शिवाजी शिक्षण संस्था उभारली आणि पुढे ते देशाचे कृषिमंत्री झाले. विद्यापीठाची जुनी इमारत, ओल्ड कॉलेज, स्थानकापासून चढण चढून दहा-पंधरा मिनिटांवर आहे. तिच्या चौकात जायला कोणी अडवत नाही. शिवाजी संस्थेच्या शाळा-महाविद्यालयांतून शिकलेले हजारो जण वऱ्हाडात आहेत, त्यांच्यापैकी जे लंडनपर्यंत जातील त्यांनी ही चढण चुकवू नये. एडिंबरोच्या किल्ल्याकडे नंतर गेलं तरी चालतं, तो संध्याकाळी लवकर बंद होतो एवढं मात्र बघून ठेवा, आणि तिकीट आधी काढा.